रस्ता आपल्या दारातला

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. अनेकांच्या आग्रहावरून येथे छापत आहोत.)



सचिव साहेब परवा घरी आले आणि म्हणाले, "काका, रौप्यमहोत्सव आहे. तुम्ही पहिल्यापासूनचे सभासद. दोन शब्द बोला." मी म्हणालो, "कशावर?" ते म्हणाले, "जुन्या आठवणी सांगा." आता आठवणी सांगायला माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे इथं बसलेत. मी आयुष्यभर एसटी चालवली. बोलायचं काम कंडक्टरचं, आपलं काम समोर बघायचं. म्हणून मी म्हणालो, बोलतो, पण रस्त्यावर बोलतो.

कारण असं की, त्या दाराजवळच्या टेबलावर आज एक अर्ज ठेवलाय. त्यात तीन मागण्या आहेत. आपल्या गेटसमोरच्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा. रस्त्याच्या एकाच बाजूला पार्किंग. आणि गेटसमोर एक, शाळेच्या वळणावर एक, असे दोन झेब्रा क्रॉसिंग. गेल्या सभेत यावर किती आवाज चढले ते सगळ्यांना माहीत आहे. काहींनी सही केली, काहींनी केली नाही. मी स्वतः त्या दिवशी सही न करता घरी गेलो होतो. का गेलो, ते पुढं सांगतो.

आपण प्लॉट घेतले तेव्हा हा रस्ता मुरमाचा होता. पावसाळ्यात चपला हातात घेऊन यावं लागायचं. दिवसभरात पाच-सहा गाड्या. पोरं रस्त्यातच विटांचे स्टंप लावून क्रिकेट खेळायची, गाडी दिसली की एकजण ओरडायचा आणि स्टंप बाजूला व्हायचे. गाडीवाला थांबायचा, हसायचा, जायचा. मग डांबर आलं, मग सिमेंट आलं. सिमेंटचा रस्ता झाला त्या दिवशी आपण पेढे वाटले. रस्ता गुळगुळीत झाला, आणि त्याच्याबरोबर वेगही आला.

आपलं माजलगाव कुठं वसलंय ते बघा. कल्याणहून नगर, पाथर्डी, गढी करत आलेला राष्ट्रीय महामार्ग ६१ आपल्याकडून पाथरी, परभणी, नांदेडकडं जातो. जुने ड्रायव्हर त्याला अजून २२२ च म्हणतात. दुसरा शेगाव-पंढरपूरचा रस्ता परतूरकडून येतो आणि धारूर, केजकडं जातो. त्यात मोंढ्याची वाहतूक, आणि कारखाने सुरू झाले की एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या ऊस. चौकात गाड्या तुंबल्या की माहीतगार माणूस काय करतो? आपल्या रस्त्यानं काढतो. मोकळा दिसला की दाबतो. म्हणजे रस्ता गल्लीचा आणि वेग हायवेचा.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी काय झालं ते नाव न घेता सांगतो. ते घर आज इथं बसलंय, त्यांना विचारूनच बोलतोय. नऊ वर्षांची पोर, समोरच्या दुकानातून रांगोळीचे रंग घेऊन घरी येत होती. दोन उभ्या गाड्यांच्या मधून ती रस्त्यावर आली आणि मोटारसायकलनं तिला उडवलं. मांडीचं हाड मोडलं. शाळेचं एक वर्ष गेलं. मघाशी लेकरांचा नाच झाला, त्यात ती होती, तुम्ही टाळ्या वाजवल्या. तिच्या पायात आजही सळई आहे. आणि गाडीवर कोण होतं? आपल्याच कॉलनीतला एकोणीस वर्षांचा पोरगा. वाईट पोरगा नाही. त्याला ती दिसलीच नाही. वर्षभर तो त्या घरासमोरून खाली मान घालून जायचा.

त्यानंतर आपण काय केलं? चौथ्या दिवशी रात्री सिमेंट कालवून गतिरोधक टाकला. मी स्वतः घमेली उचलली. परवानगी कुणाची नाही, माप कशाचं नाही. फूटभर रुंद आणि नडगीला लागेल एवढा उंच. दोन महिन्यांत आपल्याच तिसऱ्या गल्लीतल्या काकू मुलाच्या स्कूटरवरून त्याच्यावर आपटल्या, मनगट मोडलं. मग आपणच पहार घेऊन तो फोडला. गतिरोधकाचं माप इंडियन रोड काँग्रेसनं ठरवून दिलेलं आहे. ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटीमीटर उंच, अलंगद चढणारा आणि अलंगद उतरणारा. त्यावरून २५ च्या वेगानं गाडी धक्का न बसता जाते. आपण बांधला तो गतिरोधक नव्हता, सापळा होता.

त्याच्याही आधी आपण गेटवर पत्र्याचा बोर्ड लावला होता, "वेगमर्यादा २०". कुणी पाळला? आणि कायद्यानं पाळायची गरजही नव्हती. वेग कमी करायचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे राज्य शासनाला किंवा शासनानं नेमलेल्या प्राधिकाऱ्याला आहे. त्याची राजपत्रात अधिसूचना लागते आणि कलम ११६ प्रमाणे रीतसर फलक लागतो. तसं काही नसेल तर केंद्राची कमाल मर्यादा चालते. एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यावर कारला ७०, मोटारसायकलला ६०, ट्रक आणि बसला ६०, रिक्षाला ५०. ऐकलं का? आज आपल्या गेटसमोरून कुणी ६५ नं कार नेली तर नुसत्या वेगासाठी त्याला पावती फाडता येत नाही. म्हणून हा अर्ज.

आता ३० च का, ४० का नाही, असं सभेत एकानं विचारलं. प्रश्न बरोबर आहे. ड्रायव्हरचा हिशेब सांगतो. समोर काही दिसलं की पाय ब्रेकवर जायला एक सेकंद जातो, कितीही तरबेज माणूस असू द्या. ३० च्या वेगात त्या सेकंदात गाडी ८ मीटर जाते, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनं अजून ५-६ मीटर. म्हणजे १४ मीटरच्या आत गाडी उभी. ५० चा वेग असेल तर त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर जातात. नीट लक्षात घ्या. ३० वाला जिथं थांबला, तिथं ५० वाल्याचा ब्रेक नुकता लागायला लागलाय. मध्ये लेकरू असेल तर त्याला पूर्ण ५० चा मार बसतो. आणि मार वेगाच्या पटीत वाढत नाही, वर्गात वाढतो. वेग दुप्पट, तर दणका चौपट.

वेळ किती जातो तेही सांगतो. आपला रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत सहाशे मीटर धरा. ५० नं जायला ४३ सेकंद, ३० नं जायला ७२ सेकंद. फरक २९ सेकंदांचा. एवढ्या वेळात तंबाखूसुद्धा मळून होत नाही.

हे खूळ एकट्या आपल्याच डोक्यातलं नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरानं १९९२ साली गल्लीबोळांत ३० ची मर्यादा घातली. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर, अशी मर्यादा आहे. तिथंही लोकांनी आरडाओरडा केला, सह्यांच्या मोहिमा निघाल्या. आपल्या पुण्यात महापालिका ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन करते. आणि गरज किती आहे? २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज नव्वदेक माणसं, गाडीत न बसता गाडीनं मेलेली.

आता पार्किंग. खरं भांडण इथंच आहे.

आपल्यातले चार-पाच सभासद दुकानदार आहेत. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही दिसली की ते पुढच्या दुकानात जातं. तुम्ही पेन्शनवाले, तुमचं काय जातं?" त्यांचं चूक नाही. पोट सगळ्यांना आहे. म्हणून अर्जात आता बदल केलाय, तो वाचा. एक बाजू कायमची बंद करा असं आपण म्हणत नाही. सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. म्हणजे तोटा एकाच रांगेतल्या दुकानांना नको. माल उतरवायला सकाळी दहाच्या आत टेम्पोला मुभा. फक्त झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडं-पलीकडं पंधरा मीटर कुणाचीच गाडी नको, कोणत्याच तारखेला नको. तेवढा तुकडा डोळ्यांसाठी मोकळा पाहिजे. चालणाऱ्याला गाडी दिसली पाहिजे आणि गाडीवाल्याला चालणारा.

पण गिऱ्हाइकाच्या गाड्या दुपारी जातात. रात्रंदिवस उभ्या असतात त्या कुणाच्या? आपल्या. प्रत्येक घराच्या नकाशात गाडीची जागा आहे. तिथं काय आहे बघा. कुणाचं स्टोअर, कुणाची शिकवणी, कुणाचा गाळा.

मी इतरांना नावं ठेवत नाही. माझ्या पोर्चला मी शटर लावून तो शिलाईकाम करणाऱ्याला भाड्यानं दिला. महिन्याला साडेतीन हजार येतात. तेव्हापासून माझी गाडी रस्त्यावर, गेटच्या बाजूला. आणि त्या दिवशी ती पोर ज्या दोन गाड्यांच्या मधून रस्त्यावर आली, त्यातली एक गाडी माझी होती.

एसटीत असताना पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा झाली म्हणून माझा सत्कार झाला होता. शाल-श्रीफळाचा फोटो अजून भिंतीवर आहे. मी सगळ्यांना अभिमानानं सांगायचो, माझ्या नावावर एकही अपघात नाही. तीन वर्षं झाली, आता ते सांगताना जीभ अडते. पोलिसांच्या कागदात माझं नाव कुठंच नाही. उभ्या गाडीला कोण दोष देतं? पण मी ड्रायव्हर आहे, मला कळतं. माझी गाडी तिथं नसती तर त्या पोराला ती पोर दिसली असती. गेल्या सभेत मी सही न करता गेलो, कारण सही केली असती तर गाडी हलवावी लागली असती आणि साडेतीन हजार सोडावे लागले असते. खरं ते एवढंच. शिलाईवाल्याला मी तीन महिन्यांची मुदत दिली आहे, त्याला दुसरा गाळाही बघून देतोय. गाडी आत जाईल. आज मी पहिली सही करणार आहे.

तिसरी गोष्ट झेब्रा क्रॉसिंग. काहीजण म्हणाले, "पट्टे मारून काय होतं, थांबतं कोण?" नुसत्या पट्ट्यांनी काही होत नाही हे खरं आहे. पण जिथं सिग्नल नाही किंवा पोलिस नाही, तिथं झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क चालणाऱ्याचा, असं २०१७ च्या वाहनचालक नियमांत लिहिलंय. शाळा-दवाखान्याच्या दारासमोर, फुटपाथवर आणि क्रॉसिंगवर गाडी उभी करू नये, हेही त्यातच आहे. आणि वेग कमी झाला तरच पट्टे कामाला येतात. आपल्या आज्जी रस्ता ओलांडायला दहा सेकंद घेतात. तेवढ्यात ५० ची गाडी १४० मीटर येते, ३० ची ८३ मीटर. १४० मीटरवरची मोटारसायकल सत्तरीतल्या डोळ्यांना दिसते का? म्हणून तिन्ही मागण्या एकत्र आहेत. एक काढली की बाकीच्या दोन लंगड्या होतात.

अर्ज कुठं द्यायचा, यावरही घोळ होता. आपला रस्ता नगर परिषदेचा, तेव्हा पट्टे आणि मापातला गतिरोधक यांची मागणी तिकडं. कोपऱ्यावर जिथं तो महामार्गाला मिळतो, तो तुकडा महामार्ग विभागाचा, तिथं वेगळं पत्र. वेग आणि पार्किंगच्या अधिसूचनेसाठी जिल्हाधिकारी आणि पोलिस अधीक्षक. म्हणून एका अर्जाच्या चार प्रती. प्रत्येकीवर पोहोच घ्यायची आणि फाइल संस्थेच्या कपाटात ठेवायची. जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्यापुढंही विषय जावा अशी विनंती जोडली आहे. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. आपली संस्था नोंदवायला किती हेलपाटे घातले ते जुन्यांना विचारा.

पण अधिसूचना येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं कारण नाही. आपल्या रस्त्यावर सगळ्यात जास्त वेळा गाडी कोण नेतं? आपणच. चारशे पावलांवर दूध आणायला पोरं गाडी काढतात आणि तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेतात. पोरांनो, मी तुमच्याकडंच बघतोय. तुम्ही ३० नं चाललात तर मागच्यालाही ३० नं यावं लागेल. रस्ता अरुंद आहे, त्याचा तेवढा तरी फायदा घ्या. आणि उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवाल्यावर विसंबू नका. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा माणूस मनात असूनही पटकन थांबू शकत नाही. लेकरांना हात धरून न्या.

पंचवीस वर्षांत आपण नळ आणले, दिवे आणले, मंदिराचा सभामंडप केला, झाडं लावली. आत सगळं छान आहे. पण गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की जीव मुठीत धरावा लागतो, तर ती शोभा कुणासाठी?

जेवण तयार आहे, वास येतोय, म्हणून थांबतो. पंगतीला बसायच्या आधी टेबलाकडून या. पटलं तर सही करा. नाही पटलं तर काय पटलं नाही ते बाजूच्या वहीत लिहा, पण तसेच घरी जाऊ नका. मी गेलो होतो, ते बरोबर नव्हतं.