गाडीची कुरकुर



बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले की आपण काय करतो? गाडी थांबवतो नि आसाला वंगण देतो. कोणते चाक बोलते आहे, हे बसल्या जागी कळते. तो कान आपल्याजवळ आहेच. आता सोयगावच्या वाटांवर बैलगाड्या कमी झाल्या. जीप, पिकअप, छोट्या मोटारी आल्या. कापूस, मका त्यांतूनच बाजाराला जातो. पण मोटार कुरकुरली की पुष्कळ जण काय करतात, ठाऊक आहे ना? गाण्याचा आवाज वाढवतात! कुरकुर ऐकू येईनाशी होते, बिघाड तिथेच राहतो. आज आम्ही बोलणार आहोत ते या कुरकुरीविषयी.

आवाज आला की आधी एक गोष्ट ठरवा. तो इंजिनाबरोबर वाढतो, की चाकाबरोबर? सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये उभी करा. हातब्रेक ओढा. मग थोडी रेस द्या. उभ्या गाडीत आवाज आला, तर तो इंजिनाच्या बाजूचा. गाडी चालू लागली तरच आला, तर चाक, टायर, ब्रेक यांकडे पाहावे. एवढ्याने निम्मा शोध लागतो.

चाकाचे काही आवाज अगदी साधे असतात. टिक टिक होते नि वेगाबरोबर घाई करते, तर टायरच्या नक्षीत खडा अडकला असेल. पावसाळ्यात शेतातून निघताना काळी माती रिमच्या आत बसते. वाळली की दगड होते. चाक एका अंगाला जड होते आणि गाडी थरथरते. काडीने माती काढा, की झाले. पण वेगाबरोबर चढत जाणारी घूं घूं ऐकू आली, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. वळणावर कान द्या. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर पडतो. तेव्हा घूं घूं वाढली, तर बहुधा डाव्या बाजूचे चाक बिघडले आहे. हळू चालताना खटखट होऊन स्टिअरिंग हलू लागले, तर मात्र लगेच कडेला थांबा. चाकाचे नट ढिले झालेले असू शकतात. पंक्चर काढल्यावर असे होते. समोरासमोरचे नट पाळीपाळीने आवळा. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा पाहा.

आता ब्रेक. इथे हयगय नको. आपले सोयगाव डोंगराच्या पायथ्याशी. छत्रपती संभाजीनगरला जायचे तर घाट चढावा लागतो. फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट, नाहीतर वेताळवाडीच्या किल्ल्याजवळून हळद्याचा. जाताना चढ, म्हणजे येताना उतार. भरल्या गाडीला आवरायचे काम तेव्हा ब्रेकवर येते.

रात्रीच्या दवाने ब्रेकच्या चकतीवर हलका गंज धरतो. सकाळी पहिल्या दोन-चार वेळा चीं होते नि थांबते. त्याची काळजी करू नका. दिवसभर चीं चीं होत असेल, तर पॅड झिजत आले असतील. पुष्कळ गाड्यांत पॅडला एक लहान पत्री मुद्दाम लावलेली असते. पॅड झिजले की ती चकतीला घासते नि ओरडते. कारखान्याने बसवलेली राखणदारच ती! तिचे ऐकले नाही, तर पुढे खर्र खर्र सुरू होते. म्हणजे पॅड संपले, लोखंडाला लोखंड घासू लागले. अशी गाडी घाटात घालू नये. माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागला, बाजार चुकला, तरी चालेल.

उतारावर तेल वाचवायला काही जण न्यूट्रल करतात. कुणी तर इंजिनच बंद करतात. म्हणतात, "गाडी आपोआप चाललीय, तेल कशाला जाळायचं?" अहो भाऊ, गिअरात असताना इंजिन गाडीला मागे धरून ठेवते. न्यूट्रल केले की तो आधार सुटतो. ब्रेक तापतात, जळका वास येतो, मग पाय दाबला तरी गाडी आवरत नाही. इंजिन बंद असले, तर दोन-चार दाबांनंतर ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते. शिवाय हल्लीच्या बहुतेक गाड्यांत रेसवरचा पाय काढून गिअरात उतरले, तर इंजिन तेल घेतच नाही. मग वाचले काय? ज्या गिअरात घाट चढाल, त्याच गिअरात उतरा.

इंजिनाचे थोडक्यात सांगतो. चढावर टण टण झाली, तर खालचा गिअर टाका. गाडी सुरू करताना चीं झाली, तर पट्टा सैल असेल. तो इंजिन बंद करूनच पाहावा. फिरत्या पट्ट्याजवळ हात, पदर, उपरणे नेऊ नये. टक टक होऊन ऑईलचा लाल दिवा लागला, तर कडेला घ्या नि लगेच इंजिन बंद करा. "गाव जवळच आहे" म्हणून तशीच हाकली, तर इंजिन जाम होते. त्याच्या दुरुस्तीला एका हंगामाचा कापूस पुरत नाही!

मिस्त्रीला नुसते "गाडी वाजते" असे सांगू नका. आता आपल्याला लिहिता येते. गाडीत एक छोटी वही ठेवा. त्यात असे लिहा: "सोमवार. फर्दापूरचा रस्ता. पुढचे डावे चाक. घूं घूं. उजवीकडे वळताना वाढते. ब्रेक दाबला तरी तसेच." हे वाचून मिस्त्री आधी तेच चाक जॅकवर घेईल. आणि तो भलतेच काही बदलू लागला, तर वही पुढे करून आपल्याला विचारता येईल.