मेलेली कोंबडी हातात घेण्याआधी

थंडीच्या दिवसांत एखाद्या सकाळी बातमी येते. कुठे तलावाकाठी पक्षी मेलेले सापडले, कुठे वडाखाली कावळे पडले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला. दुसऱ्या दिवशी चिकनच्या दुकानांवर शुकशुकाट. घरातली माणसं एकमेकांना बजावतात, महिनाभर चिकन नको आणि अंडीही नकोत. त्याच आठवड्यात एखाद्या गावात खुराड्यातल्या चार कोंबड्या मान टाकून बसतात. मालक काय करतो? उरलेल्या डालग्यात घालतो आणि आठवडी बाजार गाठतो. पडत्या भावात का होईना, विकल्या जातात. घेणारा घरी नेऊन मान कापतो, पिसं काढतो, पोरं भोवती उभी असतात.

पशुवैद्यक म्हणून माझी हयात कोंबड्यांच्या शेडमध्ये आणि गुरांच्या गोठ्यांत गेली. बर्ड फ्लूबद्दल आपण घाबरतो, पण चुकीच्या ठिकाणी घाबरतो असं मला वाटतं. आज तेवढंच सांगायचं आहे.

आधी हा रोग काय आहे ते पाहू. आपल्याला फ्लू होतो, त्याच कुळातला हा विषाणू. त्याचं मूळ घर म्हणजे पाणपक्षी: बदकं, हंस, कुरव. त्यांच्या आतड्यात याचे बरेच प्रकार राहतात आणि बहुतेक वेळा पक्ष्याला काही होत नाही. पक्षी शिटतो, पाण्यातून दुसऱ्याला लागण होते, एवढंच. यातले एच-5 आणि एच-7 या गटांतले काही विषाणू कोंबड्यांच्या गर्दीत शिरले, की बदलून भयंकर होतात. मग ते आतड्यापुरते राहत नाहीत. फुप्फुस, मेंदू, मूत्रपिंड, सगळीकडे पसरतात, आणि हजार कोंबड्यांची शेड दोन-तीन दिवसांत रिकामी होऊ शकते. सध्या जगभर ज्याचं नाव ऐकू येतं तो एच-5 एन-1 याच जातीचा. 1996 साली दक्षिण चीनमध्ये, ग्वांगडोंग प्रांतातल्या एका हंसात तो सापडला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये 18 माणसांना त्याची लागण झाली आणि त्यातली 6 दगावली. पक्ष्यांमधून थेट माणसात येऊन हा विषाणू जीव घेऊ शकतो, हे तेव्हा जगाला कळलं.

आपल्या देशात तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. फेब्रुवारी 2006. नवापूर म्हणजे कोंबडीपालनाचं मोठं केंद्र, शेडला लागून शेड. कोंबड्या मरू लागल्या तेव्हा सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, राणीखेत असेल, म्हणजे आपली मानमोडी. तसं वाटण्यात नवल नव्हतं. मानमोडीतही कोंबड्या पटापट मरतात, आणि बर्ड फ्लू तोवर देशात कुणी पाहिलाच नव्हता. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि 18 फेब्रुवारीला उत्तर आलं: एच-5 एन-1. मग लाखो पक्षी मारून पुरावे लागले. ज्यांना नवापूरचं रेल्वे स्टेशन ठाऊक आहे त्यांना माहीत असेल, तिथे राज्याची हद्द फलाटावरून जाते, अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. साहजिकच पलीकडच्या उच्छल तालुक्यातही तेच करावं लागलं. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात पुन्हा रोग निघाला. एक मोठी गोष्ट मात्र चांगली घडली. त्या साथीत माणसांचेही नमुने तपासले गेले आणि एकालाही लागण झाल्याचं आढळलं नाही.

त्यानंतर 2008 मध्ये पश्चिम बंगालात फार मोठी साथ आली. 2014 मध्ये केरळच्या कुट्टनाड भागात बदकं मेली. 2020 च्या डिसेंबरात हिमाचलमधल्या पोंग धरणावर पट्टकादंब हंस हजारोंनी मेले. हेच हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात आणि थंडीत आपल्या जायकवाडीवरही उतरतात. पुढच्याच महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला शेकडो कोंबड्या गेल्या, आणि फेब्रुवारीत पुन्हा नवापूर. 2025 च्या जानेवारीत नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्राची बातमी आली, तीन वाघ आणि एक बिबट्या मेल्याची. तेही बर्ड फ्लूनेच. मांजरवर्गाला हा रोग सहज होतो, आणि कच्च्या मांसातून तो गेला असावा असा संशय होता. घरात मांजर असेल तर हे लक्षात ठेवा. मेलेल्या कोंबडीचा तुकडा तिच्यापुढे टाकू नका.

पाहुणे पक्षी रोग आणतात हे खरं, पण सगळा दोष त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. तलावावरून शेडपर्यंत एखादं बदक किंवा कावळा विषाणू आणेल. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये मात्र तो बहुतेक वेळा माणूसच नेतो. अंड्यांच्या ट्रेवर, खाद्याच्या गाडीच्या चाकांना, व्यापाऱ्याच्या चपलेला चिकटून तो प्रवास करतो. थंड, ओलसर विष्ठेत तो कित्येक दिवस टिकतो. कडक ऊन, साबण आणि उष्णता मात्र त्याला सोसत नाहीत, कारण त्याच्याभोवती चरबीचं पातळ वेष्टन असतं आणि साबणाने ते फाटतं. म्हणून शेडच्या दारात पाय बुडवायला जंतुनाशकाचं तसराळं, शेडसाठी वेगळी चप्पल आणि बाहेरच्यांना मज्जाव, या तीन साध्या गोष्टींचा उपयोग कुठल्याही औषधाहून जास्त. औषध म्हणाल, तर कोंबडीला या रोगावर औषध नाही. लसही आपल्याकडे या घातक प्रकारासाठी दिली जात नाही; मंजुरी आहे ती एच-9 एन-2 या सौम्य प्रकाराच्या लसीला. लस दिली की कोंबडी वरून धडधाकट दिसते, पण तिच्या शरीरात विषाणू फिरत राहू शकतो आणि रोग लपून राहतो, ही त्यामागची भीती. काही देशांनी वेगळा मार्ग धरला आहे आणि तो वाद अजून चालू आहे.

आता माणसांचं. 2003 पासून आजवर जगभरात एच-5 एन-1 ची लागण झालेल्या माणसांची नोंद हजाराच्या आसपास आहे, आणि त्यातली जवळपास निम्मी दगावली. निम्मी म्हटलं की छातीत धस्स होतं. पण नोंद होते ती मुख्यतः दवाखान्यात अत्यवस्थ होऊन पोचलेल्यांची. ज्यांना नुसती सर्दी झाली किंवा डोळे आले ते मोजलेच जात नाहीत. अमेरिकेत 2024 पासून दुभत्या गाईंमध्ये हा विषाणू सापडू लागला. तिथे गोठ्यांवर आणि शेडवर काम करणाऱ्या कित्येक जणांना लागण झाली, पण बहुतेकांना डोळे लाल होण्यापलीकडे फारसं काही झालं नाही. दूध तापवलं की विषाणू मरतो. आपण दूध उकळूनच पितो, तेव्हा ती सवय सोडू नका, एवढंच सांगेन.

मग मरतं कोण? जगभरातल्या नोंदी पाहिल्या तर बहुतेक वेळा आजारी किंवा मेलेला पक्षी कुणीतरी हाताळलेला असतो. कापलेला, सोललेला, कुशीत घेतलेला. तुर्कस्तानात 2006 च्या जानेवारीत एकाच घरातली भावंडं गेली. घरातल्या आजारी कोंबड्यांशी त्यांचा अगदी जवळचा संबंध आला होता. यात मुलं का असतात, हे ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांना सांगायला नको. कोंबडी मुलांचीच असते. भारतात या रोगाने पहिला मृत्यू झाला तोही 2021 च्या जुलैत, हरियाणातल्या एका लहान मुलाचा, दिल्लीच्या एम्स रुग्णालयात.

हा विषाणू माणसाला सहजासहजी का होत नाही, याचं कारण शरीरात आहे. पेशीला चिकटल्याशिवाय विषाणूला आत शिरता येत नाही. पक्ष्यांच्या पेशींवर ज्या प्रकारची जागा त्याला चिकटायला लागते, ती आपल्या नाकाघशात फार थोडी असते. ती असते फुप्फुसांच्या अगदी खोल भागात. म्हणून लागण व्हायला विषाणूचा मोठा डोस छातीत जावा लागतो, जसा पिसं उपटताना उडणाऱ्या धुरळ्यातून जातो. म्हणूनच एका रोग्याकडून दुसऱ्याला असा तो पसरत जात नाही, पण ज्याच्या फुप्फुसात खोल उतरला त्याला न्यूमोनिया गंभीर होतो.

शास्त्रज्ञांना झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने. या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच माणसाला किंवा एकाच डुकराला एकाच वेळी पक्ष्यांचा फ्लू आणि माणसांचा फ्लू झाला, तर शेतात बांधावर एकत्र बसून जेवताना याची चटणी त्याच्या भाकरीवर आणि त्याचं पिठलं याच्या ताटलीत जावं, तशी तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. त्यातून माणसामाणसांत पसरणारा नवा विषाणू निघाला, तर काय होईल ते करोनाने आपल्याला दाखवलंच आहे. अजून तसं झालेलं नाही. पण जितकी जास्त माणसं आजारी पक्ष्यांच्या संपर्कात येतील, तितकी ही शक्यता वाढते. कोंबड्या मारून पुरताना बघवत नाही हे मला पुरेपूर ठाऊक आहे. तरी ते का करावं लागतं, त्याचं उत्तर यात आहे.

आता चिकनच्या प्रश्नाकडे येतो, कारण पत्रांत तोच जास्त विचारला जातो. खायचं की नाही? नीट शिजवलेलं असेल तर खुशाल खा. मांसाच्या आतल्या भागापर्यंत 70 अंश सेल्सियस उष्णता पोचली की विषाणू मरतो. आपला रस्सा, सुक्कं किंवा बिर्याणी त्याहून कितीतरी जास्त शिजते. हाडाजवळ गुलाबी राहिलेलं चिकन मात्र पुन्हा चुलीवर ठेवा. अंडं उकडलेलं किंवा दोन्ही बाजूंनी भाजलेलं चालेल. साथीच्या दिवसांत हाफ फ्राय नको, आणि तालमीतल्या मंडळींनी दुधात कच्चं अंडं फोडून पिणं तेवढे दिवस थांबवावं. कच्चं मांस कापलेल्या विळीवर लगेच कोशिंबिरीचा कांदा चिरू नका. चिकन नळाखाली जोरात धुतलं की शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात, तेही टाळा, आणि हात साबणाने धुवा. अफवांमुळे काय होतं ते 2020 च्या सुरुवातीला पाहिलंच. चिकनने करोना होतो असं कुणीतरी मोबाइलवर फिरवलं आणि आपल्या कोंबडीवाल्यांना पक्षी मातीमोल भावाने द्यावे लागले. कर्जं अजून फिटली नाहीत कित्येकांची.

ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत, मग दहा असोत वा दहा हजार, त्यांनी खुणा ओळखायला हव्यात. कालपर्यंत चरणारी कोंबडी आज मेली, आणि तिच्याबरोबर आणखी चार. तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी निळसर-जांभळी पडली. डोकं, डोळे सुजले. पायांवर, जिथे पिसं नसतात तिथे, रक्ताचे लाल ठिपके दिसले. हिरवट पातळ विष्ठा, किंवा अंडी एकदम घटली आणि कवचं मऊ येऊ लागली. काही वेळा यातलं काहीच दिसत नाही, नुसती मर लागते. बदकांचा तर भरवसाच नाही, ती वरून ठणठणीत असतात. हा बर्ड फ्लू की मानमोडी, हे डोळ्यांनी मलाही सांगता येणार नाही. ते प्रयोगशाळेचं काम आहे.

अशा वेळी बाजार गाठू नका, नातेवाइकांत वाटू नका, उकिरड्यावर किंवा ओढ्यात फेकू नका. पुष्कळ जण कळवत नाहीत, कारण सरकारी गाडी आली की सगळंच जाईल अशी धास्ती असते. ती खोटी नाही; रोग निघाला तर साधारण एक किलोमीटर परिसरातले पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवतात. पण हिशोब नीट करा. भरपाई मिळते ती नष्ट केलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची आणि खाद्याची. रोगाने आधीच मेलेल्या कोंबडीचे पैसे कुणी देत नाही. म्हणजे चार मेल्या तेव्हा कळवणाऱ्याच्या हातात काही येतं, चारशे मेल्यावर कळवणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. शिवाय 2009 च्या कायद्याने असा रोग कळवणं बंधनकारक आहे, पण मला कायद्यापेक्षा हा हिशोब जास्त पटतो.

मेलेला पक्षी उचलणं भागच असेल तर तोंडानाकावर मास्क, हातात मोजे. मोजे नसतील तर हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून उचला, तीच उलटी करून गाठ मारा, आणि नंतर कपडे बदलून साबणाने हात धुवा. मुलांना लांब ठेवा. डॉक्टरांनी नमुने घेईपर्यंत पुरू नका. शहरात कावळा मेलेला दिसला तर महापालिकेला कळवा, हात लावू नका. एक कावळा मेला म्हणून घाबरायचं कारण नाही. एकाच जागी चार-पाच मेले तर मात्र कळवायलाच हवं.

पक्ष्यांशी संबंध आल्यावर दहा दिवसांच्या आत ताप, खोकला, घसादुखी, डोळे लाल किंवा दम लागणं, यातलं काही झालं तर सरकारी दवाखान्यात जा. आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा, की घरी कोंबड्या मेल्या होत्या. हे एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. यावर औषध आहे, ऑसेल्टामिविर नावाचं, पण त्याचा उपयोग पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त होतो. नुसता ताप सांगितला, तर डॉक्टर आधी डेंग्यू-मलेरियाच शोधणार.

जनावरांसाठी 1962 हा क्रमांक आहे, फुकट लागतो. फोन नाही लागला तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत निरोप द्या. सांगताना गावाचं नाव, एकूण पक्षी किती, किती मेले आणि कधीपासून, गेल्या आठवड्यात बाहेरून नवीन पक्षी आणले होते का, एवढं सांगा. डॉक्टर येईपर्यंत उरलेल्या कोंबड्या कोंडून ठेवा, कुणाला देऊ नका आणि कुणाकडून घेऊ नका.