दोरीवरचा चूड



आज पदवी घेणारे तुम्ही सगळे शहापूर-मुरबाडची मुलं. दिवाळीच्या सुमारास खाचरात चाललेला पीक कापणी प्रयोग तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. चिठ्ठ्या टाकल्यासारखा गट नंबर निघतो, ठरल्या मापाचा चौकोन दोरीने आखतात, आतलं भात कापून, झोडून वजन करतात. त्या वजनावर पैसेवारी ठरते, विम्याचा हिशोब होतो. पण नेमका दोरीवरच उभा असलेला भाताचा चूड आत धरायचा की बाहेर?

या प्रश्नावरून 1940च्या दशकात आपल्या देशात संख्याशास्त्राचा मोठा वाद झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस छोटी वर्तुळं कापून उत्पन्नाचा अंदाज काढत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे कृषी संशोधन परिषदेत होते. त्यांच्याकडचा चौकोन 33 फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे बरोबर एकरचा ऐंशीवा भाग. लहान तुकड्याने उत्पन्न फुगून दिसतं, असं सुखात्म्यांनी 1946 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. आकडेमोड तुम्हीच करा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाची कड इंचभर बाहेर सरकली तर क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी वाढतं. त्या मोठ्या चौकोनाच्या चारही बाजू इंचभर सरकल्या तरी वाढ जेमतेम दीड टक्का. यात कुणाची लबाडी लागत नाही. भरलेली लोंबी दोरीवर दिसली की विळा आपसूक तिच्याकडे वळतो.

माणसं नीट तयार केली तर लहान तुकडाही चालतो, असं महालनोबिसांच्या बाजूचं म्हणणं. माझा कल सुखात्म्यांकडे आहे, मराठी म्हणून नव्हे (थोडा त्यामुळेही असेल!). पण हा वाद होऊ शकला, कारण तुकडा किती फुटांचा, कापला कसा, हे दोघांनीही लिहून ठेवलं होतं. नुसता एकरी उताराच छापला असता तर भांडायचं कशावरून?

मूळ कागद हाती असले की काय होतं, त्याचं आणखी एक उदाहरण. 2013 मध्ये अमेरिकेत थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातला स्वाध्याय म्हणून राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा देशांचं कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरचा निबंध पुन्हा करून पाहिला. आकडे जुळेनात. मूळ एक्सेल फाइल मागवली, तर सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले! फाइल मिळाली म्हणून हे कळलं.

आपल्याकडे कॉलेजात मात्र प्रकल्पाला सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग होतं आणि भरलेले फॉर्म रद्दीत जातात. समजा, भातसा-तानसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, यावर तुम्ही सर्वेक्षण केलंत. ‘पाण्यासाठी सरासरी 40 मिनिटं’ असा आकडा आला. मी विचारीन, नोव्हेंबरात विचारलंत की मे महिन्यात? उत्तर घरधन्याने दिलं की हंडा वाहणारीने? कुलूप असलेल्या घरी पुन्हा गेलात, की शेजारच्या घरचा फॉर्म भरून मोकळे झालात? अर्धवट फॉर्म गाळलेत ते आकडा बघण्याआधी, की बघितल्यावर? शेवटचा प्रश्न अवघड जागेचा आहे. म्हणून कोणते फॉर्म गाळायचे हे गावात पाऊल टाकण्याआधी तारीख घालून लिहा. ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘फायनल नक्की’ अशा तीन फाइली पेन ड्राइव्हवर असतील, तर कुठला आकडा कुठून आला हे सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. भरलेले फॉर्म आणि या नोंदी, हे सगळे कच्चे कागद जपा आणि मागेल त्याला दाखवा. नावं मात्र झाका. कुणाच्या घरी काय आहे, ते चव्हाट्यावर आणायचा अधिकार आपल्याला नाही.

प्राचार्यांना एक विनंती. प्रकल्पाचे निम्मे गुण या कच्च्या कागदांना द्या आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला आधीच्या वर्षाचा एक तरी प्रकल्प पुन्हा करायला लावा. आकडे जुळले नाहीत तर कुणाचे गुण कापू नका, का जुळले नाहीत एवढं लिहून घ्या. हे कागद ठेवायला ग्रंथालयात कपाट लागेल. त्यात प्रकल्पांच्या वह्या आडनावांप्रमाणे लावू नका, गावांप्रमाणे लावा. डोळखांबची वही मागायला आलेल्या पोराला ती पाच मिनिटांत मिळाली पाहिजे.