पाहुणचाराला भाव आला, नाव कुणाचं?

(कोकण किनाऱ्यावर घरगुती निवास-भोजनाची सोय चालवणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्याकडे पूर्वी मुंबईहून माणसं यायची ती चाकरमानी म्हणून. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात बायकामुलांसकट. महिना महिना मुक्काम असायचा. त्या दिवसांत घरातली काकू नाहीतर वहिनी पहाटे चुलीपुढे बसायची, ती रात्री मागची भांडी घासूनच मोकळी व्हायची. घावने, आंबोळ्या, फणसाची भाजी, माशाचं कालवण. याचे पैसे होतात हे तिच्या मनात आलं नाही, आणि खाणाऱ्यांच्या तर नाहीच नाही. जाताना कोकमं आणि कुळथाची पिठी बांधून द्यायची, तीही तिनेच.

आता महिनाभर गावाला येतंय कोण? घरं बंद पडली, काही भावकीच्या वादात अडकली. मुलांच्या सुट्ट्या क्लासांनी खाल्ल्या. त्याऐवजी शनिवार-रविवार जोडून दोन रात्री यायचं, वर्षातून तीनदा-चारदा, गाडी करून. ज्यांचं कोकणात कुणी नाही अशी पुणे, सातारा, कोल्हापूरची कुटुंबं येतात. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर सुरू झाली. 1997 मध्येच दिवेआगरला एका बाईच्या सुपारीच्या वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावाला रीघ लागली. 2012 साली दरोड्यात तो गेला, तेव्हा भाविकांचा ओघ आटला. पण समुद्रासाठी आणि जेवणासाठी येणारे येत राहिले. म्हणजे देवदर्शनाच्या जोडीला दुसरं काहीतरी गावात तयार झालं होतं. ते कुणी तयार केलं, यावर मला बोलायचं आहे.

आधी येणाऱ्या बाईकडे बघू. पूर्वी कुटुंब प्रवासाला निघालं की आदल्या रात्री तिची झोप जायची. दशम्या, चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, शिवाय बरोबर स्टोव्ह. देवाच्या गावी धर्मशाळेत उतरलं की सगळे दर्शनाला आणि ही खिचडीला. बाहेर पडली तरी चूल तिच्याबरोबर चालायची. आता ती म्हणते, दोन दिवस मी ओट्याला हात लावणार नाही. हे म्हणायला तिला बळ कुठून आलं? पुष्कळ घरांत तिच्या स्वतःच्या पगारातून. कुठे जायचं यात आता तिचं मत चालतं, आणि ती पहिली चौकशी करते ती संडास-बाथरूमची. ज्या गावात बायकांसाठी नीट संडास नाही तिथे गाडी थांबत नाही, हे ग्रामपंचायतींनी लिहून घ्यावं. शिवाय मार्च 2023 मध्ये एस.टी.चं तिकीट बायकांना अर्ध्या दरात झालं, तेव्हापासून भिशीचे, भजनी मंडळाचे नुसत्या बायकांचेही गट दिसू लागले. नवरा नाही, मुलं नाहीत.

तिने ओट्याला हात लावला नाही, तरी काम नाहीसं होत नाही. ते आपल्या ओट्यावर येतं. फरक एवढाच की इथे आल्यावर त्याला दर लागतो. घरच्या घरी फुकट होणारं काम एका बाईच्या स्वयंपाकघरातून दुसरीच्या स्वयंपाकघरात गेलं आणि त्याचं बिल झालं! अर्थशास्त्रवाले याला गावाचं उत्पन्न वाढलं म्हणतील.

आता जरा हिशेब करू. पाच माणसांचं कुटुंब शुक्रवारी रात्री आलं आणि रविवारी दुपारी जेवून गेलं. दोन नाश्ते, दोन दुपारची जेवणं, दोन रात्रीची. पाच सख तीस. चार खोल्या भरल्या तर एकशेवीस ताटं. त्यासाठी नारळ खवायचे, मासे साफ करायचे, तांदूळ निवडायचे. चादरी, अभ्रे धुवायचे, तेही ऐन मे महिन्यात, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असताना. खोलीचं भाडं ठरवताना बांधकामाचा खर्च धरतात, ताटाच्या दरात मासळी आणि गॅस धरतात. तुमची मजुरी धरली आहे का? हात वर करा बघू. पाहुणे परत येतात ते कशासाठी, हे पाहुण्यांनाच विचारा. पलंगासाठी कुणी परत येत नाही.

आणि फोन मात्र 'ह्यांना' येतो. पाटीवर त्यांचं नाव, बँकेत खातं त्यांचं, अन्न परवान्याची नोंदणीही त्यांच्याच नावावर. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. असा पंचनामा होतो तेव्हा ज्याच्या नावावर घर आणि वाडी, त्याचं नाव कागदावर चढतं. राबणारीचं नाव कागदावर नसेल तर तिचं काहीच बुडालेलं नसतं!

पर्यटक वाढले की जमिनीला भाव येतो. मग इतकी वर्षं रक्षाबंधनाला न आठवलेल्या बहिणी भावांना आठवतात, हक्कसोडीवर सही करायला. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून हिंदू कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला आहे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 2005 ला वडील हयात असण्याचीही अट नाही. माहेर तुटेल म्हणून सही करणारीला मी नावं ठेवणार नाही. पण सही करण्याआधी त्या गुंठ्याचा आजचा भाव तरी विचारा.

एक बोचरी गोष्टही बोलायला हवी. आपल्यापैकी ज्यांच्या चार-सहा खोल्या आहेत, त्यांच्याकडे धुणंभांड्याला, खोल्या झाडायला दुसऱ्या वाडीतली बाई येते. सुट्टीच्या दिवसांत तिला रात्री अकरापर्यंत थांबवतो आणि हातावर काय ठेवतो? पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात तेव्हा ती काय खाते? 'घरगुती' या शब्दाला जो भाव आला आहे त्यात तिचे हातही आहेत. आडनाव बघून जेवणारे पाहुणे अजून आहेत, हेही आपल्याला माहीत आहे. मात्र आता मालवणी मासळीसाठी मुद्दाम वाट वाकडी करणारी कुटुंबंही आहेत, आणि कोळणीच्या, भंडाऱ्याच्या स्वयंपाकघराला त्यामुळे दिवस आलेत.

वेंगुर्ल्याच्या स्वामिनी बचत गटाचं काम पाहण्यासारखं आहे. 2017 पासून या बायका मांडवीच्या खाडीत स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात, झाडांची माहिती सांगतात. पाहुण्यांपुढे त्या स्वतः उभ्या असतात, आड कुणी नाही. मला तो धंदा यासाठी आवडतो की तिथे बाईचं काम उघड्यावर दिसतं. स्वयंपाकघरातलं दिसत नाही.

सरकारचं 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण 2023 मध्ये आलं. बाईच्या मालकीचा आणि बाईने चालवलेला पर्यटन व्यवसाय असेल तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा त्यात ठेवला आहे. योजना चांगली आहे, पण तिचा गैरवापर कसा होईल हे मला आजच दिसतं. अर्ज बायकोच्या नावाने, सही ती करणार, पैसे तो उचलणार. कर्ज मात्र तिच्या डोक्यावर. म्हणून अर्ज करायचा असेल त्यांनी खातं आपलं एकटीचं उघडायचं, आलेल्या पाहुण्यांची वही आपल्या हाताने लिहायची. पाहुण्यांना फोन नंबर आपला द्यायचा.

आणि घराचं म्हणाल तर 2003 मध्येच सरकारने सांगून ठेवलं आहे की गावातल्या घराची ग्रामपंचायतीत पती-पत्नी दोघांच्या नावाने नोंद करावी. कितीजणींची झाली? जेवणानंतर आपण याच मंडपात बसणार आहोत. ज्यांनी घराचा आठ नंबरचा उतारा आणला आहे त्यांचे अर्ज आजच लिहू. ज्यांनी आणलेला नाही त्यांनी ग्रामसेवकांकडे मागायचा. त्यांनी 'मालकांना पाठवा' म्हटलं, तर दोघी-तिघी मिळून जा.