चेन्नई ते पुणे, मागे कॅरॅव्हॅन जोडून

चेन्नईहून पुण्याला रस्त्याने जायचे तर अंतर साधारण बाराशे किलोमीटर पडते. श्रीपेरुंबुदूर, राणीपेट, बंगळुरू, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा असा हा मार्ग, आणि बहुतेक सगळा राष्ट्रीय महामार्ग 48. नुसती मोटार हे अंतर दोन दिवसांत कापते. त्याच मोटारीमागे टनभर वजनाची कॅरॅव्हॅन जोडली की सगळा हिशेब बदलतो. किती वेगाने जाता येईल हा प्रश्न मागे पडतो आणि किती अंतरात थांबता येईल हा पुढे येतो. प्रवासाची आखणी त्याच प्रश्नापासून सुरू करावी लागते.

भारतात ओढून न्यायच्या कॅरॅव्हॅन अजून थोड्याच आहेत. 2021 मध्ये महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणे आणली, पण इथे दिसणाऱ्या बहुतेक कॅरॅव्हॅन बस किंवा ट्रकच्या चासीवर बांधलेल्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या असतात. मोटारीमागे जोडलेली कॅरॅव्हॅन कायद्याच्या भाषेत ट्रेलर ठरते. मोटार वाहन अधिनियम 1988 नुसार तिची आरटीओकडे वेगळी नोंदणी लागते. तिचा स्वतःचा क्रमांक तिच्या बाजूवर लिहावा लागतो आणि ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांकही तिच्यावर दिसावा लागतो. तमिळनाडू, आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा चार राज्यांतून जाताना पोलीस गाडी थांबवतात ती बहुधा कुतूहलाने. तरी दोन्ही वाहनांची आरसी, आणि ट्रेलरचा स्पष्ट उल्लेख असलेली विमा पॉलिसी हाताशी असली म्हणजे बोलणे लवकर आटोपते.

पहिले काम वजनाचे. मोटार जास्तीत जास्त किती वजन ओढू शकते हे उत्पादकाने ठरवलेले असते आणि तो आकडा ओलांडायचा नाही. नवख्या चालकाने भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या 85 टक्क्यांपर्यंतच ठेवावे, असा संकेत ब्रिटनमध्ये रूढ आहे. भारतीय रस्त्यांवर त्याहूनही कमी ठेवलेले बरे. भरलेले वजन अंदाजाने ठरवू नये. महामार्गावर जागोजागी असलेल्या वजनकाट्यावर थोड्याशा पैशांत खरा आकडा कळतो.

एकूण वजनाइतकेच महत्त्व ते कुठे आहे याला असते. कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाने हिचवर, म्हणजे मोटारीच्या मागच्या जोडणीवर, एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के भार द्यायला हवा, म्हणजे हजार किलोला 50 ते 70 किलो. मात्र मोटारीच्या आणि हिचच्या मर्यादेत. हे घरीच मोजता येते. कॅरॅव्हॅन सपाट जमिनीवर उभी करून चाकांना ओट लावायची, हिचवर बसणाऱ्या पुढच्या टोकाखाली, म्हणजे कपलिंगखाली, नेहमीच्या उंचीइतका लाकडी ठोकळा उभा करायचा, ठोकळ्याखाली वजनाचा काटा ठेवायचा आणि पुढचे छोटे चाक वर घ्यायचे. काट्यावर 30 किलोच दिसले तर मागच्या कपाटातले तांदूळ, भांडी, खुर्च्या आसाच्या जवळ आणायच्या. पन्नास लिटरची टाकी भरली की पन्नास किलो वाढतात, म्हणून पाणी मुक्कामाला पोहोचल्यावर भरलेले चांगले. गॅसचा सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधलेला आणि चालत्या गाडीत बंदच असला पाहिजे.

ऋतूची निवड या मार्गावर फार कमी लोक गांभीर्याने करतात. चेन्नईला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो; डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाने शहर पाण्याखाली घातले. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला संकट जुलै-ऑगस्टमध्ये येते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. एप्रिल-मे महिन्यांत राणीपेट-वेल्लोरच्या पट्ट्यात ऊन इतके असते की टायर आणि इंजिन दोन्ही तापतात. राहतात जानेवारी आणि फेब्रुवारी, आणि खरे तर तेच दोन महिने या प्रवासाचे.

दिवसाला तीनशे किलोमीटर आणि गाडी फक्त उजेडात, हा नियम धरला की चार दिवस लागतात. चेन्नईतून रविवारी पहाटे निघावे, कारण श्रीपेरुंबुदूरच्या औद्योगिक पट्ट्यात इतर दिवशी कारखान्यांच्या बस आणि कंटेनर रस्ता व्यापतात. कांचीपुरमच्या फाट्यापाशी, साधारण पाऊणशे किलोमीटरवर, थांबून चाकांचे नट पुन्हा आवळून पाहावेत. नव्याने बसवलेले चाक पहिल्या टप्प्यातच सैल होण्याचा संभव असतो. राणीपेटला दोन वाटा फुटतात. वेल्लोर, कृष्णगिरी, होसूरची वाट रुंद आहे आणि 1678 मध्ये मराठ्यांनी घेतलेला वेल्लोरचा किल्ला तिच्यावर आहे, पण ती थेट बंगळुरूच्या गर्दीत नेते. चित्तूर, मुळबागल, कोलारवरून होस्कोटेला गेले तर तिथून उपनगरी वर्तुळमार्गाने दोड्डबळ्ळापूरमार्गे डाबसपेटला, म्हणजे तुमकूर रस्त्यावर, शहर टाळून पोहोचता येते. कॅरॅव्हॅन मागे असताना दुसरी वाटच घ्यावी; किल्ला नुसत्या मोटारीने पाहायला पुन्हा येता येईल.

मुक्काम ठरवताना हॉटेलला फोन करून खोलीच्या भाड्याआधी फाटकाची रुंदी विचारावी, आणि आत वळायला जागा आहे का तेही. रिव्हर्स घेत महामार्गावर यावे लागेल अशी जागा कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. ट्रकवाले थांबतात त्या ढाब्यांची आवारे या दृष्टीने उत्तम. पेट्रोल पंपही असाच निवडावा, एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडता येईल असा.

चित्रदुर्गच्या आसपासच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, आणि त्या तिथे आहेत याचा अर्थच तिथे वारा आहे. कॅरॅव्हॅनची सपाट बाजू वारा अडवते; त्यात शेजारून भरधाव बस गेली की आधी ढकलल्यासारखे आणि मग ओढल्यासारखे होते. मागचा डबा डावीकडे-उजवीकडे हेलकावू लागला तर ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचे. जोरात ब्रेक मारला किंवा उलट वळवून सावरायला गेले तर हेलकावा वाढतो. वेग 70-80 च्या आत असेल तर बहुधा ही वेळ येत नाही.

बेळगाव सोडले की उतार सुरू होतात, आणि या प्रवासातला खरा धोका उतारांचा आहे. अनेक हलक्या कॅरॅव्हॅनचे ब्रेक ढकलीवर चालतात: पुढची गाडी मंदावली की मागची तिला रेटते, त्या दाबाने कपलिंग आत जाते आणि कॅरॅव्हॅनचे ब्रेक लागतात. लांब उतारावर ते सतत घासत राहून तापतात आणि मग पकडेनासे होतात. म्हणून निपाणीजवळच्या तवंदी घाटात उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि ब्रेक थोडा दाबून सोडत उतरावे. साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा संपला की लगेच इंग्रजी एससारखे वळण लागायचे आणि तिथे अपघात होत; तेच टाळण्यासाठी नव्या जुळ्या बोगद्यांचे काम हाती घेण्यात आले. वाहतूक ज्या बोगद्यातून सोडली असेल त्यातून बाहेर पडताना वेग आधीच उतरवलेला हवा.

सर्वांत अवघड उतार अगदी शेवटी, चालक थकलेला असताना येतो. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत रस्ता काही किलोमीटर सलग खाली उतरतो. 20 नोव्हेंबर 2022 रोजी याच उतारावर एका टँकरने सुमारे 48 वाहनांना धडक दिली. इंधन वाचवायला इथे गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारे चालक आहेत. तसे केले की इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळे वजन ब्रेकवर येते. चौथ्या दिवशी बोगद्याआधी, शिरवळ किंवा खेड शिवापूरला, अर्धा तास थांबून चहा घ्यावा आणि कॅरॅव्हॅनच्या चाकाजवळ हात धरून ते तापले आहे का पाहावे. मग डाव्या लेनने, खालच्या गिअरमध्ये, मागच्यांचे हॉर्न मनावर न घेता उतरावे. पोहोचल्यावर कॅरॅव्हॅन सोडवताना आधी तिचा हँडब्रेक ओढायचा, मग चाकांना ओट लावायची, पुढचे छोटे चाक खाली घ्यायचे, आणि त्यानंतरच दिव्यांची वायर, सुरक्षा साखळी आणि कपलिंग सोडायचे.