वेगवान रेल्वे, पाहुणा आणि आपली बाग
(मालाड येथे उत्तर कोकणातील बागायतदारांपुढे केलेले भाषण)



मनोरी-गोराईची भाजी आणि फुले, वसईची केळी, डहाणू-घोलवडचा चिकू पिकवणारे आपण सर्वजण मुंबईच्या दाराशी बसलेले शेतकरी आहोत. आपला माल मुंबईला जातो आणि रविवारी मुंबई आपल्याकडे येते. मालाडहून मार्व्याला जायचे, तरीत बसायचे आणि मनोरीला उतरायचे, ही सहल मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाची आहे. आता मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे, म्हणजे बुलेट ट्रेन होत आहे. "गाडी आली की पाहुणे येतील, तेव्हा आताच खोल्या बांधाव्यात का?" असा प्रश्न अनेकजण विचारतात. कोणी जमीन विकण्याच्या, तर कोणी कर्ज काढण्याच्या विचारात आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

गाडी कशी आहे?

या मार्गाची लांबी ५०८ किलोमीटर असून त्यातील सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात आहेत. भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादेत झाले. गाडीचा वेग ताशी ३२० किलोमीटर राहणार आहे. एकूण बारा स्थानकांपैकी आपल्या राज्यात चार आहेत : वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर. मालाडला स्थानक नाही. मालाडकराला वांद्र्याला किंवा सुमारे ३० किलोमीटर दूर विरारला जाऊन गाडी धरावी लागेल. काम टप्प्याटप्प्याने चालू असून गुजरातमधील भाग आधी सुरू करण्याचे ठरले आहे. म्हणजे आपल्याला विचार करायला अवधी आहे.

या मार्गासाठी पालघर जिल्ह्यातील अनेकांच्या जमिनी आणि झाडे गेली. गावोगावी विरोधही झाला. ज्याची बाग गेली त्याला पर्यटनाचे फायदे सांगणे योग्य नव्हे. ज्यांची जमीन शाबूत आहे, त्यांच्यासाठी पुढील विवेचन आहे.

इतर देशांचा अनुभव

जपानमध्ये १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका गाडी सुरू झाली. साडेसहा तासांचा प्रवास चार तासांवर आणि पुढच्याच वर्षी सुमारे तीन तासांवर आला. प्रवासी अतोनात वाढले. पण सकाळी जाऊन रात्री घरी परतता येऊ लागल्यावर मुक्कामाची गरज कमी झाली. फ्रान्समध्ये १९८१ साली पॅरिस-लिऑन मार्ग सुरू झाल्यावरही कामानिमित्त जाणाऱ्या पुष्कळांनी मुक्काम करणे सोडले. जपानी लोक आणखी एक गोष्ट सांगतात : शहाळ्यात नळी घातली की पाणी ज्याच्या तोंडात नळी त्याच्याकडे जाते, तसे मोठे शहर लहान गावाचे गिऱ्हाईक ओढून घेते.

सगळीकडे तोटाच झाला असे मात्र नाही. कानाझावा या जुन्या शहरात मार्च २०१५ मध्ये ही गाडी पोहोचली आणि तेथे पाहुण्यांची मोठी वाढ झाली. बागा, बाजार, हस्तकला, खाद्यपदार्थ हे सर्व त्या शहराकडे आधीपासून होते. गाडीने फक्त वाट जवळ केली.

उलट उदाहरण फ्रान्सचे. तेथील उत्तर मार्गावर दोन शहरांच्या मधोमध, शेतांत एक स्थानक बांधले. जवळ गाव नाही आणि शहराला जोडणारी रेल्वे नाही. लोकांनी त्याला थट्टेने "बीटाचे स्थानक" असे नाव दिले, कारण भोवती साखरेच्या बीटाची शेते! स्थानक शेताजवळ आले म्हणजे पाहुणा शेतात येतोच असे नाही.

आपल्याकडचे उदाहरण पाहा. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-शिर्डी वंदे भारत गाडी सुरू झाली. तिचा वेग बुलेट ट्रेनएवढा नाही. तरीही मुंबईचा भक्त सकाळी निघून दर्शन घेऊन रात्री घरी येऊ शकतो.

यावरून काय घ्यावे?

१) नळी दोन्हीकडून ओढते. सुरत-अहमदाबादचा पाहुणा बोईसरला उतरू शकेल, हे खरे. पण आज मनोरी-केळव्याला येणारा मुंबईकरही उद्या बडोद्याला किंवा सरदार पटेलांचा पुतळा पाहायला जाऊ शकेल. जवळ असणे हा आपला एकमेव गुण असेल, तर तो पुरणार नाही.

२) दिवसाचा पाहुणा आधी धरा. एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, १६ लाख रुपये कर्ज काढून चार खोल्या बांधल्या. ११ टक्क्यांनी वर्षाचे व्याजच १,७६,००० रुपये. वर्षातून ४० आठवडे, दर आठवड्याला दोन रात्री खोल्या निम्म्या भरल्या, तर १६० खोली-रात्री होतात. प्रत्येकी १,५०० रुपये मिळाले आणि ५०० खर्च झाले, तर उरतात १,६०,००० रुपये. व्याजही फिटत नाही! याउलट २ लाखांत मांडव, पाणी आणि स्वच्छतागृहाची सोय केली. ३० रविवारी ३० पाहुणे आले. जेवण आणि बागफेरीचे माणशी ४०० घेतले आणि २५० खर्च केले, तर १,३५,००० उरतात. २२,००० व्याज वजा जाता १,१३,००० रुपये हाती राहतात. आपापले आकडे घालून हा हिशेब घरी करून पाहावा.

३) शेवटचे दहा किलोमीटर महत्त्वाचे. स्थानकापासून बागेपर्यंत वाहन नसेल तर तीनशेचा वेग वाया जातो. पाच-सहा बागायतदारांनी मिळून एक गाडी ठरवावी. ग्रामपंचायतीमार्फत एस.टी.ची मागणी आतापासून करावी.

४) नावाचा माल विका. घोलवडच्या चिकूला आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. पिकलेला चिकू टिकत नाही, म्हणूनच तो बागेत खाण्यात गोडी आहे. जपानी स्थानकांवर त्या त्या गावच्या पदार्थांचे जेवणाचे डबे विकतात आणि लोक आवडीने घेतात. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, चिकूच्या फोडी यांचा डबा आपल्या महिला बचत गटांना सहज करता येईल.

५) जमीन विकण्याची घाई नको. दलालाच्या तोंडच्या भावावर विसंबू नये. सातबारा आणि विकास आराखडा स्वतः पाहावा. आदिवासी बांधवांच्या जमिनीच्या हस्तांतरणावर कायद्याची बंधने आहेत, हेही ध्यानात ठेवावे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला आहे. तेथे उद्योगांवर निर्बंध आहेत आणि म्हणूनच तेथील हिरवाई टिकली. पाहुणा तीच पाहायला येणार आहे.

६) नोंदणी करा. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. खोली बांधण्यापूर्वी नियम समजून घ्यावेत.

बंधूंनो, गाडी कधी धावेल हे आपल्या हाती नाही. चिकूची छाटणी, विहिरीचे पाणी, स्वच्छ अंगण आणि आलेल्या माणसाला झाडाची माहिती सांगणे हे आपल्या हाती आहे. यंदाच्या हिवाळ्यात चार रविवार लोकलने येणाऱ्या पाहुण्यांसाठी बाग उघडी ठेवून पाहा. किती आले, काय खाल्ले, काय विकत घेतले, पुन्हा किती आले, हे वहीत लिहा. लोकलचा पाहुणा जी बाग टिकवू शकत नाही, तिला बुलेट ट्रेन तारणार नाही. आणि वहीत जमा दिसली, तर खोल्या बांधायला पुढे पुष्कळ वेळ आहे.