खापरपणजोबांचा माग



शंभर वर्षांच्या पुस्तकासाठी दिंडीचे मूळ पुरुष कोण ते सांगा, असं मंडळी म्हणाली. आमचं शिक्षण चौथी. कीर्तनात संतांच्या पिढ्या घडाघडा सांगतो, पण खापरपणजोबांचं नाव विचारलं तर तोंड बंद! घरात एवढंच ऐकलेलं, की दिंडीच्या आधीपासून त्यांच्या गळ्यात वीणा होती. म्हणून वीणेचा मान आमच्याकडे. शेजारचं घर आमच्याच आडनावाचं, तेही मान मागायचं. पण ते बाहेरून आलेले, आपले न्हाईत, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. तीन पिढ्या अबोला.

आधी तलाठ्याकडे गेलो. सातबाऱ्यावरचा फेरफार नंबर धरून मागं मागं जायचं. पणजोबांच्या वारस नोंदीत त्यांच्या वडलांचं नाव मिळालं. खाली मुलांची नावं, लेकींची न्हाईत. जशा काही त्या घरात जन्मल्याच नव्हत्या. हक्कनोंदणीचा कायदा 1903 सालचा, त्याच्या मागं फेरफार जात नाहीत.

मग तहसिलीत कोतवाल बुक, म्हंजे जुनं जन्ममृत्यूचं रजिस्टर. हल्ली दाखल्यांसाठी तिथं गर्दी. आम्ही म्हटलं, दाखला नको, म्हातारा हवा. सगळं मोडीत, पान उलटलं की कडा हातात येते. मोडी वाचणारे गुरुजी बोट ठेवून सांगत: नाव, जात, वय, आजार. ताप, पटकी, देवी. एका पानावर तर ओळीनं लेकरंच. तिथं गुरुजीही थांबले. आडनाव कुठंच नाही, नुसतं अमका बिन तमका. बिन म्हंजे मुलगा. आमच्या नावाचे गावात तिघं निघाले. आपला कोणता?

ते पंढरपुरात सुटलं. उपाध्यांनी वहीतलं आपल्या गावाचं पान काढलं. तीर्थाला आलेला माणूस तिथं बाप, आजा, भाऊबंद लिहवून ठेवतो. पणजोबांनी लिहवलेलं निघालं: बाप, आजा, थोरला चुलता, चुलत्याची मुलं. चुलत्याच्या मुलांची नावं वाचली आणि आम्ही खालीच बसलो. शेजारच्या घरचे पणजोबा त्यांत होते.

वीणा कोणत्या भावाच्या गळ्यात होती, ते वहीत न्हाई. पण थोरला त्यांचा, धाकटा आमचा, एवढं लिहिलेलं आहे.

कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. घरातली म्हातारी म्हणाली, "आधी चहा घ्या, मग वाचा."

येत्या आषाढीला प्रस्थानाची वीणा त्यांचा नातू घेईल. पुस्तकात नावं दोघा भावांची छापा, थोरल्याचं आधी.